डॉक्टर, आजाराचं नाव सांगा

महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांना,

सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. तुम्ही लिहिलेली चिठ्ठी सगळ्यात आधी मी वाचतो, आणि पेशंट तुमच्यासमोर जे विचारायला कचरतो ते माझ्या काउंटरवर विचारतो. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या कितीतरी लोकांना आपल्या आजाराचं नाव माहीत नाही. ते नाव, म्हणजे अपस्मार (इंग्रजीत एपिलेप्सी), तुम्ही सांगावं, मराठीत सांगावं आणि त्याचा अर्थही सांगावा, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र आहे.

गोळ्या काढता काढता मी विचारतो, 'कशासाठी चालू आहेत?' विचारावं लागतं, कारण नुसत्या गोळीवरून आजार कळत नाही. कार्बामाझेपिन फिटसाठी असते, तशी चेहऱ्याच्या नसेत उठणाऱ्या असह्य कळांसाठीही असते. सोडियम व्हॅल्प्रोएट अर्धशिशीलाही देतात, काही मनोविकारांतही देतात. माझ्या प्रश्नावर उत्तरं येतात ती अशी: 'नसा कमजोर आहेत.' 'मेंदूला सूज आहे.' 'डोक्यात गाठ होती, विरघळली, तरी गोळी चालूच आहे.' 'झटके येतात.' 'लहानपणी आकडी यायची.' 'ते डॉक्टरांनाच माहीत.' अपस्मार असं उत्तर क्वचित येतं. मिरगी, फेफरं हे शब्द तर लोक फक्त दुसऱ्याच्या घराबद्दल बोलताना वापरतात, तेही आवाज खाली आणून. फाइल उघडून बघावी तर तिथं इंग्रजीत 'सीझर डिसऑर्डर' (म्हणजे फिटचा विकार), नाहीतर 'जीटीसीएस' (सगळं अंग आखडून झटके देणाऱ्या फिटचं लघुरूप) अशी चार अक्षरं.

एकदा एक सासूबाई सुनेची फाइल घेऊन दुकानात आल्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांना 'सुनेला सीझरचा त्रास आहे, गोळ्या चुकवू नका' एवढंच सांगितलं होतं. बाई हवालदिल झाल्या होत्या. 'हिचं सीझर कधी झालं? दोन्ही बाळंतपणं तर नॉर्मल झाली की!' मराठी घरात सीझर म्हणजे पोटावर टाके घालून झालेलं बाळंतपण. त्या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. सून शेजारीच उभी होती. तिला अंगणात, चुलीपुढं, एकदा तर पाण्याच्या हौदाशी फिट आली होती. तिच्यावर उपचार सुरू झाले होते, औषधंही योग्य होती. आपल्याला काय झालंय हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

'सीझर डिसऑर्डर' लिहिण्यामागचा तुमचा हेतू मला कळतो. एपिलेप्सी म्हटलं की नातेवाइकांचा चेहरा उतरतो, म्हणून जरा मऊ शब्द. पण त्या मऊ शब्दातून घरच्यांना एवढंच समजतं, की काहीतरी असं आहे जे डॉक्टरांनाही बोलवत नाही. मग ती जागा दुसरं कुणीतरी भरून काढतं. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी देवऋषाकडे नेतं, कुणी कांदा आणि चप्पल हुंगवतं, कुणी दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालून दात पाडतं. या सगळ्यांकडे नाव असतं. फक्त दवाखान्यातून परत आलेल्या माणसाकडे नसतं.

अपस्माराचा अर्थ मी तुम्हाला सांगावा असं काही नाही. पण तो पेशंटला किती सोप्या शब्दांत सांगता येतो, ते मात्र मांडतो, कारण हे मी रोज करतो. फिट ही घटना आहे, अपस्मार हा आजार आहे. फिट कुणालाही येऊ शकते. रक्तातली साखर एकदम उतरली, सोडियम कमी झालं, रोजची दारू अचानक तोडली, गरोदरपणात रक्तदाब फार चढला, तरी फिट येते. आणि कारणावर उपचार झाला की तो प्रश्न बहुधा तिथंच मिटतो. असं कुठलंही तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा फिट येण्याकडे मेंदूचा कल असणं, याला अपस्मार म्हणतात. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेनं २०१४ मध्ये जी व्यवहारातली व्याख्या दिली, तीही याच धाटणीची आहे: तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतरानं दोन फिट येणं; किंवा एकच फिट, पण पुढच्या १० वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के असणं; किंवा अपस्माराचा एखादा ठरावीक सिंड्रोम, म्हणजे ओळखीच्या लक्षणांचा समूह, असणं. यातलं कोणतं वाक्य सातवी शिकलेल्या माणसाला समजावून सांगता येणार नाही?

आणि आपल्याकडचा शब्द किती नेमका आहे! चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'स्मृतेरपगमं प्राहुरपस्मारं भिषग्विदः' असं म्हटलं आहे. स्मृती दूर जाणं याला वैद्यकातले जाणकार अपस्मार म्हणतात, असा त्याचा सरळ अर्थ. निदानस्थानात याच आजाराला 'आवस्थिक' असं विशेषण लावलं आहे. तेवढ्या अवस्थेपुरता येणारा आणि ओसरणारा. हे विशेषण मला फार मोलाचं वाटतं. फिट दोन मिनिटांची असते आणि उरलेला सगळा वेळ तो माणूस शिकतो, शेती करतो, हिशेब ठेवतो, पोरांना शाळेत सोडतो. चरकांनी अपस्माराचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक (तिन्ही दोष मिळून होणारा) असे चार प्रकार केले आणि औषधं सांगितली, म्हणजे त्याला रोग मानलं. आज आपल्याला त्याहून कितीतरी जास्त माहीत आहे. शुद्ध न हरपता नुसता हात थरथरणं हीसुद्धा फिट असू शकते हे माहीत आहे, त्यामुळे जुनी व्याख्या सगळ्या प्रकारांना पुरत नाही. तरी शब्द स्वच्छ आहे. त्यात वेड नाही, भूत नाही, जनावर नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण काही देशांना आपला शब्द टाकून द्यावा लागला. मलेशियात लोक या आजाराला 'गिला बाबी' म्हणत. त्याचा अर्थ डुकराचं वेड. हाँगकाँगमध्येही जुन्या चिनी नावात जनावर आणि वेड दोन्ही होतं. ते २०१० मध्ये बदलून मेंदूचा उल्लेख असलेलं नवं नाव आणलं. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी आणि पेशंटच्या संघटनांनी 'गान्जिल' हे कलंक लागलेलं नाव सोडून 'न्वेजन्जंग' म्हणजे मेंदूतल्या विजेशी जोडलेला विकार, असं नाव रूढ केलं. त्यांना नवा शब्द घडवावा लागला, कायद्यात, पुस्तकांत, फॉर्मांवर बदल करावे लागले. आपल्याकडे चांगला शब्द तयार आहे आणि आपण तो वापरत नाही. १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिनाचं पोस्टर दवाखान्याच्या दारावर लागतं, आत ओपीडीत मात्र 'फिटचा पेशंट' आणि 'झटकेवाली केस' एवढंच ऐकू येतं.

आता दुसरी बाजू. हे नाव जिथं लागू नाही तिथं ते चिकटू नये, हेही तुमच्याच हातात आहे. बालरोगतज्ज्ञांना माझं खास सांगणं आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या काही बाळांना ताप चढताना आकडी येते. आई-बापाच्या तोंडचं पाणी पळतं, पण त्यातल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. तुम्हाला हे पाठ असतं. घरात मात्र 'याला फिट येते' हे वाक्य कायमचं मुक्कामाला येतं. शाळेच्या फॉर्मवर आई प्रामाणिकपणे 'फिट येते' असं लिहिते, आणि मग सहलीला नेत नाहीत, पोहायला सोडत नाहीत, मैदानावर बाजूला बसवतात. डिस्चार्जच्या कागदावर 'तापातली आकडी, अपस्मार नाही' अशी एक ओळ मराठीत लिहिलीत तर त्या पोराचं बालपण मोकळं राहील. नुसता चक्कर येऊन पडलेला माणूस, ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, काहीतरी दिसलं पण फिट कधीच आली नाही असा माणूस, यांच्याही कागदावर अपस्माराचा शिक्का घाईनं पडू नये. आणि याच्या उलट, ईईजी नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही असंही नसतं, हेही लोकांना सांगा. 'मशीनमध्ये काही निघालं नाही' म्हणून गोळ्या बंद करणारे माझ्या ओळखीत आहेत. निदान मुख्यतः हकिगतीवर होतं, बघणाऱ्यानं मोबाइलवर घेतलेलं चित्रण कधी कधी लाखमोलाचं ठरतं, हे घरच्यांना आधी सांगितलं तर पुढच्या वेळी ते घाबरून कांदा शोधत बसणार नाहीत.

नाव न सांगण्याचा परिणाम कुठे कुठे होतो, ते बघा. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी जो फॉर्म १ भरावा लागतो, त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा, चक्कर येण्याचा त्रास आहे का, असं विचारलेलं असतं. टेम्पो चालवणारा पोरगा तिथं 'नाही' लिहितो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याला 'नसांची कमजोरी' आहे आणि गोळ्या ताकदीच्या आहेत. रात्रीच्या भाडय़ाला जागरण होतं, ताकदीची गोळी एखाद्या दिवशी राहिली तर काय बिघडतं, असं त्याला वाटतं. जागरण आणि चुकलेली गोळी, दोन्ही फिटला आमंत्रण देतात. त्याला त्याच्या आजाराचं नाव माहीत असतं तर त्यानं निदान दोन ठिकाणी चौकशी केली असती.

तुमच्यापैकी कितीतरी जण म्हणतील, नाव सांगितलं की लग्न मोडतं. खरं आहे, मोडतं. मी अशी स्थळं फिरलेली पाहिली आहेत आणि त्या आई-बापांचं दुःखही पाहिलं आहे. पण न सांगितल्यानं काय होतं तेही मी पाहिलं आहे. आमच्या तालुक्यातली एक मुलगी सणासुदीला माहेरी आली की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम न्यायची. काउंटरवरच उभी राहून एकेक स्ट्रिप फोडायची आणि गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायची. सासरी कुणाला कळता कामा नये म्हणून. गोळी होती सोडियम व्हॅल्प्रोएट. हे औषध हवेतला ओलावा ओढतं, म्हणून ते चांदीच्या कागदातच ठेवायचं असतं. डबीतल्या गोळ्या पावसाळ्यात चिकट झाल्या, एकमेकींना चिकटल्या, तिनं त्या तशाच खाल्ल्या, काही फेकल्या. आणि हेच औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं, त्यामुळे दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलण्याचा किंवा मात्रा ठरवण्याचा विचार करायचा असतो, फॉलिक ॲसिड सुरू करायचं असतं. आणि दिवस गेले म्हणून घाबरून गोळी आपल्या मनानं एकदम बंद करणं तर त्याहून धोक्याचं. ज्या घरात आजाराचं नावच घ्यायचं नाही, तिथं ती हे कुणाशी बोलणार? तिला मी डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी औषध बदललं आणि नवऱ्याला बोलावून समोर बसवून सांगितलं. नवरा ऐकून घेणारा निघाला. सगळेच निघत नाहीत, हे मला माहीत आहे.

कायदा मात्र आता त्या मुलीच्या बाजूनं आहे आणि ही गोष्ट तुमच्या तोंडून लोकांना कळली पाहिजे. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या माणसाचा विवाह रद्द ठरवता येईल अशी तरतूद शिरली होती. वेड आणि अपस्मार एकाच ओळीत. १९९९ मध्ये त्या ओळीतून अपस्मार हा शब्द काढून टाकला, विशेष विवाह कायद्यातूनही काढला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं बायकोच्या अपस्माराचं कारण पुढे करून घटस्फोट मागणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं फेटाळलं. अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मनोविकारही नाही, असं न्यायालयानं मानलं. कायदा बदलून पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी आमच्याकडे 'फिटवाल्या मुलीचं लग्न कायद्यानं टिकत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे आहेत. उलट लपवलेलं नंतर उघडं पडलं, की भांडण आजाराचं राहत नाही, फसवणुकीचं होतं, आणि त्यात मुलीची बाजू लंगडी पडते.

शाळकरी मुलांचा एक प्रकार राहून जातो. मूल खाली पडत नाही, आकडत नाही, फेस येत नाही. पाच-दहा सेकंद नुसतं शून्यात बघतं, पापण्या फडफडतात, मग जणू काही झालंच नाही असं पुढचं वाक्य लिहायला लागतं. दिवसातून कितीतरी वेळा. गुरुजी म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते नाटकं करतो. हासुद्धा अपस्मार असू शकतो आणि औषधानं बहुतेकदा आटोक्यात येतो. फिट म्हणजे पडणं आणि तोंडाला फेस, एवढंच ज्यांना माहीत आहे ते या मुलाला डॉक्टरांकडे नेणारच नाहीत. शाळांच्या आरोग्य तपासणीला तुम्ही जाता, दात आणि डोळे बघता. त्या वेळी शिक्षकांशी दोन मिनिटं याविषयी बोलाल का?

ओपीडीत तुमच्याकडे वेळ किती असतो, ते मला ठाऊक आहे. बाहेर बाकावर किती माणसं बसलेली असतात हे मी दुकानातून बघतो. म्हणून माझं मागणं थोडकं आहे. निदान पक्कं झालं की पेशंटच्या डोळ्यात बघून म्हणा: 'तुम्हाला अपस्मार हा आजार आहे. मेंदूच्या पेशींमधून अधूनमधून वीज वेडीवाकडी उसळते, तेव्हा फिट येते. हे वेड नाही, कुणाला लागत नाही, कुणाच्या करणीनं झालेलं नाही. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, फिट थांबली तरी मी सांगेपर्यंत बंद करायची नाही.' हे बोलायला अर्धं मिनिट लागतं. त्यासोबत हेही सांगा, की योग्य औषधं मिळाली तर दहातल्या सात जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे आणि तो ऐकून माणसाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो मी स्वतः बघितला आहे. घरच्यांना सांगा, फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.

चिठ्ठीवर गोळीच्या नावाशेजारी 'अपस्मारासाठी' असं मराठीत लिहिलंत तर फार बरं होईल. मात्र आधी पेशंटला विचारून. ज्या बाईला ती चिठ्ठी सासरी न्यायची आहे, तिच्यावर हा शब्द लादू नका. तिच्याशी बोला, तिच्या स्वतःच्या फाइलवर लिहा, चिठ्ठी कोरी ठेवा. आजार कुणाला सांगायचा हे तिनं ठरवायचं आहे. पण तिला स्वतःला तो माहीत असलाच पाहिजे. डोक्यात जंतामुळे गाठ होऊन फिट येणाऱ्या पेशंटला 'तुझ्या डोक्यात किडा आहे' असं म्हणून सोडून देऊ नका. टेपवर्म नावाच्या जंताची सूक्ष्म अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून, अस्वच्छ हातांतून पोटात जातात आणि शाकाहारी माणसालाही हे होतं, एवढं सांगितलंत तर तो घरी जाऊन भाजी धुवायला लागेल. नाहीतर तो रात्रभर कानातून किडा बाहेर कधी येईल याची वाट बघतो. हे मी अतिशयोक्तीनं लिहीत नाही, असं मला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं.

आणखी एक गोष्ट, जी सहसा होतच नाही. आजार संपला की तेही सांगा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ फिट आली नाही, तर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार तुम्ही करता. पुढे काहींची गोळी पूर्ण सुटते. २०१४ च्या त्याच व्याख्येत असंही म्हटलं आहे, की १० वर्षं फिट नाही आणि त्यातली शेवटची ५ वर्षं औषधही नाही, तर अपस्मार मिटला असं समजावं. एखाद्या विशिष्ट वयातच होणाऱ्या प्रकारात ते वय ओलांडलं तरी तसंच. पण हे वाक्य पेशंटला कोण म्हणतं? गोळी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली माणसं अजूनही विहिरीच्या कडेला जात नाहीत, एकटी प्रवास करत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की आता ते नाव त्यांचं राहिलेलं नाही. अशा माणसाला एकदा बोलवा, तपासा आणि फाइलवर तारीख घालून लिहून द्या: 'अपस्मार आता नाही.' ज्याला हा कागद मिळेल तो लॅमिनेट करून ठेवील.

आम्हा औषधविक्रेत्यांकडूनही काही अपेक्षा असतील तर कळवा. स्ट्रिप कापून चार-चार गोळ्या देताना पुढच्या गोळ्या कधी संपतात हे सांगणं, कंपनी बदलून गोळी देण्याआधी तुम्हाला फोन करणं, चिठ्ठीवर सीआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी, गोळी कुटून देऊ नका म्हणून बजावणं, हे मी करतो आणि इतरांनाही करायला सांगतो. तालुक्याच्या औषधविक्रेत्यांच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. तुमच्यापैकी कुणी तिथं येऊन अर्धा तास बोललात तर खुर्च्या आणि चहा आमच्याकडे.

कळावे,

आपला,
एक औषधविक्रेता
सोलापूर जिल्हा